छाटलेल्या लहरींचा नाद : हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरची तुलना कशी करावी

इलेक्ट्रिक गिटारच्या जगात ज्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरना ‘हाय-गेन’ म्हटले जाते, ते तारेच्या कंपनातून निर्माण झालेला क्षीण विद्युत्संकेत ऐकू येण्यासाठी लागतो त्याहून कितीतरी अधिक पटींनी वाढवतात आणि तो व्हॉल्व्हच्या क्षमतेच्या सीमेवर आदळून त्याचा आकार बदलावा अशी व्यवस्था मुद्दाम करतात. हार्ड रॉक आणि हेवी मेटल या संगीतप्रकारांचा सारा डौल या बदललेल्या आकारावर उभा आहे, आणि म्हणूनच मार्शल श्रेष्ठ की मेसा बूगी, सोल्डानोचा आवाज दाट की पीव्हीचा, अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या तुलनेवर गिटारवादक गेली कित्येक दशके हिरिरीने चर्चा करत आले आहेत. या चर्चेत ज्याला ते ‘टोन’ म्हणतात ती नादाची जात होय, म्हणजे दोन वाद्ये एकाच स्वरावर आणि एकाच जोराने वाजत असतानाही ज्यामुळे ती वेगळी ओळखू येतात तो गुण. निरनिराळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या टोनमधील फरक खरे आहेत आणि तयार कानाला ते स्पष्ट कळतात; पण त्यांची कारणे जाहिरातींत सांगितली जातात तेथे फारशी सापडत नाहीत. लहर छाटली जाण्यापूर्वी तिच्यातील खर्ज किती कमी केला गेला, ती किती टप्प्यांवर आणि कोणत्या बाजूने छाटली गेली, आणि अखेरीस कोणत्या स्पीकरमधून बाहेर पडली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तुलनेचा बहुतेक गुंता सुटतो.

ज्या पिढीने घरात व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे, तिला काचेच्या नळ्यांतला तांबूस उजेड आणि बटण दाबल्यावर आवाज यायला लागणारा वेळ आठवत असेल. गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची निर्वात नळी तयार केली आणि १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात ग्रिड नावाचे तिसरे, जाळीदार अग्र बसवले, त्यातूनच पुढे ध्वनीचे विद्युत्-वर्धन शक्य झाले. नळीतील कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि उच्च धन दाब असलेल्या प्लेटकडे धाव घेतात. वाटेतील ग्रिडवर गिटारचा संकेत दिला की ग्रिडच्या दाबातील अल्पशा चढउतारानुसार इलेक्ट्रॉनांचा हा प्रवाह मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो, आणि मूळ संकेताची वाढवलेली प्रत प्लेटपाशी मिळते. गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या पूर्वभागात, म्हणजे संकेत प्रथम वाढवणाऱ्या टप्प्यांत, सर्वाधिक वापरला जाणारा व्हॉल्व्ह अमेरिकेत १२एएक्स७ आणि युरोपात ईसीसी८३ या नावाने ओळखला जातो. त्याच्या एका काचेत दोन स्वतंत्र वर्धक असतात आणि त्यांतील प्रत्येक जण प्रत्यक्ष परिपथात संकेत साधारण ५० ते ६० पट वाढवू शकतो. असे तीन-चार टप्पे एकापुढे एक जोडले तर वाढ लाखांच्या घरात जाते, आणि अर्थातच कोणताही व्हॉल्व्ह इतका मोठा संकेत जसाच्या तसा पुढे देऊ शकत नाही.

या असमर्थतेतूनच हाय-गेनचा नाद जन्म घेतो. ग्रिड अतिशय ऋण झाली की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पूर्ण थांबतो आणि लहरीचे एक टोक सपाट होते. ग्रिड धन बाजूला गेली की ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते, प्लेटवरचा दाब आणखी खाली जाऊ शकत नाही, आणि लहरीचे दुसरे टोक दबते. या छाटणीला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लहरीत मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे नवे उपस्वर मिसळतात. दोन्ही टोके सारखीच छाटली गेली तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर तेवढे वाढतात, आणि एकच टोक अधिक छाटले गेले तर दुसरा, चौथा असे सम उपस्वरही येतात. शिवाय छाटलेल्या लहरीची उंची ठरावीक मर्यादेतच राहत असल्यामुळे तार हळूहळू शांत होत असतानाही ऐकणाऱ्याला स्वर बराच काळ टिकून राहिल्यासारखा वाटतो. गिटारसारख्या छेडून वाजवायच्या वाद्याला व्हायोलिनसारखा लांब श्वास लाभला तो यामुळे.

तंबोऱ्याच्या जवारीशी परिचित असलेल्या मराठी श्रोत्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग विशिष्ट उताराने घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात, तेव्हा तारेचे कंपन घोडीच्या पृष्ठभागावर हलकेच घासत राहते, तिचे साधे आंदोलन बिघडते आणि एरवी दबलेले उंच उपस्वर झळकू लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्या याच वैशिष्ट्याकडे वैज्ञानिकांचे लक्ष वेधले होते. तंबोऱ्यात जे काम घोडी करते ते हाय-गेन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह करतो, आणि दोन्हीकडे कारागिराचे कौशल्य एकाच बाबतीत पणाला लागते: शुद्ध कंपनात किती आणि कोणत्या प्रकारचा बिघाड होऊ द्यायचा हे ठरवण्यात.

साम्य येथेच संपत नाही. हेवी मेटलमध्ये ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो दोन स्वरांचा मेळ म्हणजे आपला षड्ज-पंचम. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या आंदोलनांचा, आणि त्याचा पंचम सुमारे १२३.५ हर्ट्झचा असतो. हे दोन स्वर स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवले तर दोनच स्वर ऐकू येतात. पण ते एकाच वेळी एकाच व्हॉल्व्हमध्ये छाटले गेले की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन नवे स्वर तयार होतात. वजाबाकी सुमारे ४१ हर्ट्झची, म्हणजे वाजवलेल्या षड्जाच्याही खालच्या सप्तकातला षड्ज. तो कोणत्याही तारेवर वाजलेला नसतो, तरी छातीत जाणवणाऱ्या पॉवर कॉर्डच्या भारात त्याचा वाटा असतो. बेरीज सुमारे २०६ हर्ट्झची येते, आणि हा स्वर मूळ षड्जाच्या वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार आहे. तोही पियानोच्या पट्टीवरचा किंचित चढा गंधार नसून, नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो त्याच्याच जागी बसणारा गंधार आहे. बेरजेचा हा स्वर मुख्यतः असमान छाटणीतून निर्माण होत असल्यामुळे एकाच वादकाने एकाच गिटारवर वाजवलेला पॉवर कॉर्ड एका अ‍ॅम्प्लिफायरमधून भरलेला आणि दुसऱ्यातून कोरडा का वाटतो, याचे एक भौतिक कारण येथे सापडते. गंधार प्रत्यक्ष वाजवून तीन स्वरांचा पूर्ण कॉर्ड केला, तर गिटारच्या समान अंतराच्या पडद्यांवरील चढा गंधार आणि त्यातून निघणाऱ्या बेरजा-वजाबाक्या एकमेकांशी जुळत नाहीत व सारा नाद गढूळ होतो. म्हणून या संगीतप्रकारात तो स्वर बोटांनी सहसा वगळला जातो.

रेडिओ आणि दूरध्वनीच्या अभियंत्यांना छाटणीतून होणारा हा बिघाड अर्थातच नको होता आणि प्रारंभीचे गिटार अ‍ॅम्प्लिफायरही स्वच्छ आवाजासाठीच बनवलेले होते. १९५१ साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यात विली किझार्ट यांच्या नादुरुस्त अ‍ॅम्प्लिफायरचा घरघरता आवाज तसाच ठेवला गेला, आणि १९६४ साली द किंक्स या समूहाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने कापून हवा तो नाद मिळवला. कलावंतांची ही मागणी ओळखून तिला यंत्राचे रूप देण्याचे काम मात्र पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे ड्रमचे दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांच्या हातून घडले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या बासमन या अ‍ॅम्प्लिफायरचा परिपथ जवळजवळ जसाच्या तसा घेऊन त्यांनी १९६२-६३ च्या सुमारास जेटीएम ४५ तयार केला. पण पहिल्या टप्प्यात अधिक वाढ देणारा ईसीसी८३ बसवला आणि दहा इंची चार स्पीकरच्या उघड्या पेटीऐवजी बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकरची मागून बंद पेटी दिली. कागदावर किरकोळ दिसणाऱ्या या बदलांनी नाद इतका पालटला की पुढे ‘ब्रिटिश टोन’ आणि ‘अमेरिकन टोन’ असे दोन स्वतंत्र संप्रदायच मानले जाऊ लागले.

या पहिल्या पिढीच्या मार्शलमध्ये छाटणीचा मोठा भाग उत्तरभागातील, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणाऱ्या, शक्तिवर्धक व्हॉल्व्हमध्ये होत असे, आणि त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोराने चालवावा लागे. द हू या समूहाच्या पीट टाउनशेंड यांच्या आग्रहातून १०० वॅटचे नमुने आले आणि जिमी हेंड्रिक्स यांनी ते जगभर गाजवले. पण हवा तो नाद आणि असह्य आवाज यांची गाठ तशीच घट्ट राहिली. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी आपल्या समूहाच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बमच्या काळात मार्शलला मिळणारा विद्युत्दाब व्हेरिअ‍ॅक नावाच्या बदलत्या ट्रान्सफॉर्मरने १२० व्होल्टवरून सुमारे ९० व्होल्टपर्यंत उतरवला, तो ही गाठ थोडी सैल करण्यासाठीच. मार्शलने १९७५ साली २२०३ या नमुन्यात मास्टर व्हॉल्यूम दिला, म्हणजे पूर्वभागात कितीही छाटणी झाली तरी शेवटचा आवाज वेगळ्या बटणाने कमी करण्याची सोय केली. हाच परिपथ १९८१ पासून जेसीएम ८०० या मालिकेत प्रसिद्धीस आला. येथून हाय-गेनचे केंद्र उत्तरभागातून पूर्वभागात सरकले, आणि आजच्या तुलनेत पूर्वभागाची रचना इतकी निर्णायक ठरते ती या स्थलांतरामुळे.

अटलांटिकपलीकडे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी याच उद्दिष्टाकडे वेगळ्या वाटेने वाटचाल केली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी फेंडरचा प्रिन्सटन हा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर उघडून त्यात मोठे ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर बसवला, आणि पुढे पूर्वभागात वाढीचा एक जादा टप्पा घालून एका व्हॉल्व्हने दुसऱ्याला जाणूनबुजून ओव्हरलोड करण्याची पद्धत रूढ केली. कार्लोस सान्ताना यांच्या लांब, मधाळ स्वरांमागे हीच यंत्रणा होती. स्मिथ यांच्या मेसा बूगी कंपनीच्या मार्क मालिकेचे वेगळेपण समजण्यासाठी टोन स्टॅक ही गोष्ट समजून घ्यायला हवी. खर्ज, मध्य आणि उंच भाग कमीजास्त करणाऱ्या बटणांचा जो छोटा परिपथ असतो त्याला टोन स्टॅक म्हणतात. मार्शलमध्ये तो पूर्वभागातील छाटणीचे टप्पे संपल्यानंतर येतो, म्हणून ती बटणे तयार झालेल्या नादाला अखेरचा रंग देतात. मार्क मालिकेत मात्र फेंडरच्या परंपरेप्रमाणे तो पहिल्या टप्प्यानंतर लगेच, म्हणजे मुख्य छाटणीच्या आधी येतो. त्यामुळे तेथे खर्जाचे बटण फिरवले की नादात खर्ज वाढण्याऐवजी छाटणीची जातच बदलते.

हाय-गेनच्या तुलनेतील सर्वांत महत्त्वाची बाब येथे दडलेली आहे. खर्जाच्या लहरी आकाराने मोठ्या असतात. त्या भरपूर प्रमाणात व्हॉल्व्हपर्यंत पोहोचल्या तर तो त्यांनीच व्यापला जातो, त्यांच्यावर आरूढ झालेल्या लहान, उंच लहरी सपाट भागात हरवतात आणि स्वर चिखलात रुतल्यासारखा ऐकू येतो. वादक अशा नादाला ‘मडी’ किंवा ‘लूज’ म्हणतात, आणि याउलट ज्यात प्रत्येक आघात सुटा, आटोपशीर आणि चटकन थांबणारा असतो त्याला ‘टाइट’ म्हणतात. म्हणून चांगल्या हाय-गेन परिपथात छाटणीआधी खर्ज कठोरपणे कमी केलेला असतो आणि गरज असेल तर छाटणीनंतर तो पुन्हा वाढवला जातो. मार्क मालिकेत वादक खर्जाचे बटण जवळजवळ शून्याकडे ठेवतात आणि छाटणीनंतर येणाऱ्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये खर्ज व उंच भाग वर आणि मध्यभाग खाली अशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी रचना करतात. मेटॅलिका या समूहाच्या १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बममधील करवतीसारखा कापत जाणारा, तरीही विलक्षण नेमका गिटारनाद मार्क टू सी प्लस या नमुन्याच्या अशाच योजनेतून साकारला, आणि त्या संगीताच्या वेगाला दुसरी कोणतीही योजना इतकी साजली नसती.

जेसीएम ८०० मध्ये खर्जाची ही काटछाट बटणाविना, परिपथातच केलेली आहे. फेंडरच्या अनेक परिपथांत पहिल्या टप्प्याच्या कॅथोडाशी सुमारे २५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असतो आणि तो खालपासून वरपर्यंत सर्व वारंवारता सारख्याच वाढू देतो. मार्शलने तेथे ०.६८ मायक्रोफॅरॅडचा छोटा कपॅसिटर घातला, त्यामुळे अगदी खालच्या स्वरांना पूर्ण वाढ मिळत नाही. त्यानंतरच्या टप्प्यात कॅथोडाशी १० किलोओहमचा मोठा रोध बसवून तो व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडण्याच्या सीमेवर ठेवलेला असतो, म्हणजे लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच आधी छाटली जाते. ‘कोल्ड क्लिपर’ या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती पुढील एका मोठ्या हाय-गेन घराण्याचा पाया ठरली. तरीही पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मानाने जेसीएम ८०० ची वाढ संयत आहे. त्यात मध्यभागाचा ठसका ठळक राहतो, वादकाच्या हाताचा जोर कमीजास्त झाला की नाद लगेच बदलतो, आणि चुकीचा आघात लपत नाही. अनेक वादकांना तो कठोर वाटतो, पण गिटारचा आणि हाताचा स्वभाव जपणारा त्याच्याइतका प्रामाणिक हाय-गेन अ‍ॅम्प्लिफायर विरळा.

मायकेल सोल्डानो यांनी १९८७ साली बाजारात आणलेल्या एसएलओ १०० मध्ये हीच कल्पना टोकाला नेली गेली. त्यात आणखी एक टप्पा आला, कोल्ड क्लिपरचा रोध ३९ किलोओहमवर गेला, आणि इतकी वाढ असूनही परिपथ आटोक्यात राहावा यासाठी टप्प्याटप्प्यांमध्ये संकेत काळजीपूर्वक कमी केला गेला. परिणामी स्वर दाट, गुळगुळीत आणि दीर्घ झाला. वाढ जास्त असतानाही कॉर्डमधील स्वर वेगळे ओळखता येणे हा त्याचा खरा गुण. एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या मेटलशी संबंध नसलेल्या वादकानेही तो वापरला, यावरून त्याच्या आवाक्याची कल्पना यावी. पुढे मेसाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्हीने १९९२ साली एडी व्हॅन हेलन यांच्यासह ५१५० आणला, आणि या दोहोंच्या लीड चॅनलवर सोल्डानोच्या आराखड्याची छाया स्पष्ट दिसते. रेक्टिफायरमध्ये कोल्ड क्लिपरचा ३९ किलोओहमचा रोधही तसाच आहे.

एका आराखड्याची ही भावंडे कानाला मात्र अगदी वेगळी लागतात. रेक्टिफायर छाटणीआधी खर्ज बऱ्यापैकी पुढे जाऊ देतो आणि मध्यभाग मागे ठेवतो, म्हणून त्याचा नाद रुंद, भिंतीसारखा उभा राहणारा, पण सुरुवातीच्या आघाताला किंचित उशिरा प्रतिसाद देणारा वाटतो. कॉर्नसारख्या समूहांनी जाड तार आणखी खाली, ५५ हर्ट्झच्या स्वरापर्यंत उतरवून जे संथ, दडपून टाकणारे संगीत केले त्याला ही रुंदी पोषक होती. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर अतिवेगवान थ्रॅश मेटल वाजवू पाहणाऱ्याला मात्र तो लूज वाटतो. ५१५० मध्ये मध्यभागाच्या वरच्या अंगाला एक खरखरीत धार आहे, आघात झटकन येतो, आणि रेझोनन्स नावाच्या बटणाने शक्तिवर्धकातील खर्जाचा उठाव वेगळा ठरवता येतो. व्हॅन हेलन हे मेटलचे वादक नसूनही त्यांच्यासाठी बनलेला हा अ‍ॅम्प्लिफायर, पुढे ६५०५ या नावाने, आधुनिक मेटलचे जवळजवळ प्रमाण साधन झाला, ही गोष्ट त्या धारेला किती किंमत आहे हे दाखवते. यांतील एक चांगला आणि दुसरा वाईट असे म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या लयीत, किती खाली उतरवलेल्या तारेवर आणि समूहातील किती वाद्यांच्या सोबतीने वाजवायचे, हे ठरल्याशिवाय निवडीचा प्रश्नच उभा राहत नाही.

छाटणीआधी खर्ज काढण्याचे हे तत्त्व परिपथाबाहेरूनही वापरता येते आणि वादकांनी ते शास्त्र लिहिले जाण्याच्या आधीच कानाने शोधले होते. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांनी १९७० सालच्या ब्लॅक सॅबथ या समूहाच्या पहिल्या अल्बमच्या काळात लेनी अ‍ॅम्प्लिफायरपुढे रेंजमास्टर ही छोटी पेटी जोडली होती. ती उंच स्वर वाढवते आणि खर्ज मागे ठेवते, म्हणून इतक्या जड संगीतातही त्यांच्या गिटारची रेषा पुसली जात नाही. आज रेक्टिफायर किंवा ५१५० पुढे ट्यूब स्क्रीमर नावाचे हिरवे पेडल, त्याचे ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल पूर्ण ठेवून जोडण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिचे कारण हेच आहे. ते पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्रमाने कमी करते आणि लूज अ‍ॅम्प्लिफायर टाइट होतो. काही हजारांचे पेडल काही लाखांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभाव इतका बदलू शकत असेल, तर पेडल लावून ऐकलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची पेडलाविना ऐकलेल्याशी तुलना करणे किती फसवे आहे हे वेगळे सांगायला नको.

व्हॉल्व्हच्या प्रकारांविषयीच्या चर्चेला मात्र तिच्या योग्यतेपेक्षा फार मोठी जागा मिळाली आहे. शक्तिवर्धक म्हणून वापरले जाणारे ६एल६ आणि ईएल३४ यांत फरक आहे, पहिल्यात खर्ज भरदार आणि दुसऱ्यात मध्यभाग पुढे असे साधारणपणे म्हणता येते. पण बहुतेक छाटणी पूर्वभागात होऊन गेल्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायर घरगुती जोराने चालत असताना हा फरक मध्यभागाच्या बटणाच्या छोट्या हालचालीइतकाही उरत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा भाग (त्यालाही रेक्टिफायरच म्हणतात) व्हॉल्व्हचा असेल, तर मोठ्या आघाताला विद्युत्दाब क्षणभर खाली बसतो, त्याला ‘सॅग’ म्हणतात. तोही पूर्ण जोरावरच जाणवतो. जुन्या, दुर्मीळ व्हॉल्व्हसाठी मोठी रक्कम मोजण्याआधी वादकाने आपल्या पेटीतील स्पीकरकडे पाहावे, कारण खरा फरक तेथे आहे.

गिटारचा स्पीकर सुमारे ५ हजार हर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने गाळतो, आणि हे गाळणे थांबले तर छाटलेल्या लहरीतील उंच उपस्वर माशीच्या गुणगुणण्यासारखे कानाला बोचतात. वादकांच्या भाषेत तो ‘फिझ’. इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचा २५ वॅटचा ग्रीनबॅक मध्यभागात मऊ, तर १९८६ साली आलेला व्हिंटेज ३० मध्यभागाच्या वरच्या अंगाला टोकदार, आणि जी१२टी-७५ मध्यभागात रिकामा. एकच अ‍ॅम्प्लिफायर या तिघांवर ऐकला तर तीन वेगळे अ‍ॅम्प्लिफायर ऐकल्याचा भास होतो. ध्वनिमुद्रणात त्यात मायक्रोफोनचीही भर पडते. स्पीकरसमोरचा शुअर एसएम५७ शंकूच्या मध्यापासून दोन-तीन इंच कडेकडे सरकवला, की उंच भागात पडणारा फरक कित्येकदा दोन कंपन्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील फरकापेक्षा मोठा असतो.

म्हणून तुलना न्याय्य व्हायची असेल तर गिटारचा एकच स्वच्छ संकेत आधी मुद्रित करून तोच प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमधून पुन्हा वाजवावा, स्पीकर आणि मायक्रोफोन हलवू नयेत, आणि आवाजाची पातळी मोजून सारखी करावी. कमी जोराने ऐकताना माणसाच्या कानाला खर्ज आणि अतिउंच स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच प्रयोगाने दाखवले आहे. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच अधिक भरीव आणि जिवंत वाटतो, आणि अनेक तुलनांचा निकाल या एका चुकीने आधीच लागलेला असतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरची बटणे एकाच आकड्यावर ठेवणे म्हणजे समान वागणूक देणे, हा समजही सोडून द्यावा, कारण एकावरचा ५ आणि दुसऱ्यावरचा ५ यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निकाल एकट्या गिटारवर देऊ नये. मध्यभाग रिकामा केलेला नाद खोलीत एकट्याने ऐकताना भव्य वाटतो, पण बास गिटार आणि ड्रम सुरू झाले की तो नाहीसा होतो. एकटा ऐकताना कर्कश वाटलेला जेसीएम ८०० त्याच गर्दीत आपली जागा बिनतक्रार राखतो.

भारतातील वादकासमोर याशिवाय आणखी एक अडचण असते. व्हिंटेज ३० हा स्पीकर १ वॅटला एक मीटर अंतरावर १०० डेसिबल इतका आवाज देतो, म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण चालवला तर तेथे सुमारे १२० डेसिबल होतात. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत ही दोन्ही गणिते एकत्र बसणे शक्य नाही. व्हॉल्व्हचा परिपथ संगणकावर अनुकरणाने उभा करणारी डिजिटल साधने त्यामुळेच येथे स्वाभाविक निवड ठरतात, आणि मार्क टू सी प्लसला अजरामर करणाऱ्या मेटॅलिकानेही मंचावर अशी साधने स्वीकारली आहेत. त्यांच्याकडे कमीपणाने पाहण्याचे कारण नाही. उलट स्पीकर बदलणे, पातळी सारखी करणे, छाटणीआधी खर्ज कमी करून पाहणे हे सारे प्रयोग त्यांवर एका सायंकाळी करता येतात. ज्याला खरा व्हॉल्व्हच हवा आहे, त्याने अमेरिकेतून अ‍ॅम्प्लिफायर आणताना तो १२० व्होल्टचा आहे की आपल्या २३० व्होल्टवर चालणारा, हे आधी पाहावे. आणि त्याची पेटी स्वतः उघडू नये, कारण आतील ४००-५०० व्होल्टचा भार विद्युत्प्रवाह बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. पैसे मोजण्याआधी मात्र त्याने आपल्या समूहासोबत, आपल्याच गिटारवर, सारख्या पातळीवर दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकावेत, आणि पहिला फरक खर्जाच्या तारेवर शोधावा.